पिंपळगावला मनमाडचा भाव कसा लागला: नेस्टेड ॲरेतून एक रकाना वेगळा काढण्याचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आपल्या सभासदांसाठी कांद्याच्या बाजारभावाचं एक पान चालवते. वर स्तंभालेख, खाली तक्ता, एवढंच. वेगवेगळ्या बाजार समित्यांमधला त्या दिवसाचा सर्वसाधारण दर संध्याकाळी पानावर येतो. त्याच सुमाराला सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेशही आपोआप जातो: आजचा सर्वाधिक भाव अमुक बाजारात, इतके रुपये क्विंटल.

पान दिसायला किरकोळ असलं तरी त्याच्यावर निर्णय होतात. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत हे दोन्ही बाजार हाताशी आहेत. उद्या सकाळी ट्रॉली कुठे न्यायची, हे तो आदल्या रात्री भाव बघून ठरवतो. क्विंटलमागे दोनशे रुपयांचा फरक म्हणजे वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे चार हजार रुपये. त्यामुळे पानावरचा एक स्तंभ चुकला, तर त्याची किंमत चुकवणारा माणूस खरा असतो आणि त्याला कोडमधलं काही बघता येत नाही. म्हणूनच हे प्रकरण जरा तपशिलात लिहितो आहे.

तक्रार कंपनीच्या एका संचालकांकडून आली. ते स्वतः त्या दिवशी पिंपळगावच्या लिलावात उभे होते. फोनवर म्हणाले, "दादा, आज इथं सर्वसाधारण पंधराशे निघाला. माझ्यासमोर पुकारलाय. आपल्या पानावर तेराशे कसा काय?"

पान सांभाळणाऱ्या मुलीने आधी तक्ता पाहिला. तक्त्यात पिंपळगावसमोर १५०० होते, अगदी बरोबर. वरच्या स्तंभालेखात मात्र १३००. एकाच पानावर, एकाच माहितीवरून काढलेले दोन आकडे. संशय नेहमीसारखा आधी माहिती पुरवणाऱ्यावर गेला, मग कॅशवर, म्हणजे पानाच्या आधी साठवून ठेवलेल्या प्रतीवर. दोन्ही ठिकाणी काही सापडलं नाही. तेव्हा तिने मला कोड बघायला बोलावलं.

(पुढे दिलेले दर समजावण्यासाठी घेतलेले नमुन्याचे आकडे आहेत, कुठल्याही दिवसाचा प्रत्यक्ष बाजारभाव म्हणून ते वाचू नयेत. कोडही देवनागरीत लिहिला आहे. पानाचा कोड पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि तिच्यात व्हेरिएबलचं आणि रकान्याचं नाव मराठीत खुशाल चालतं. फंक्शनांची नावं, 'फॉरईच', 'नल' वगैरे शब्द आणि अंक मात्र चालवताना रोमन लिपीतले मूळचेच लिहावे लागतील.)

आलेली माहिती अशी होती:

$नोंदी = [
  ['बाजार' => 'लासलगाव', 'सर्वसाधारण' => १४५०],
  ['बाजार' => 'येवला'],
  ['बाजार' => 'पिंपळगाव बसवंत', 'सर्वसाधारण' => १५००],
  ['बाजार' => 'मनमाड', 'सर्वसाधारण' => १३००],
  ['बाजार' => 'सोलापूर', 'सर्वसाधारण' => ११००],
];

जात, आवक, किमान आणि कमाल दर हे रकाने इथे गाळले आहेत. बाहेर एक ॲरे (व्हॅल्यूंची यादी), तिच्यात पाच ओळी, आणि प्रत्येक ओळ म्हणजे पुन्हा एक छोटी ॲरे, म्हणून ही नेस्टेड ॲरे. येवल्याच्या ओळीत दराचा रकानाच नाही. माहिती पाठवणारी यंत्रणा रिकामे रकाने पाठवतच नव्हती. यात वावगं काही नाही. जेसन (माहिती ज्या मजकुरी साच्यात पाठवतात तो) हलकं राहावं म्हणून बरेच लोक असं करतात.

आता स्तंभालेखाचा कोड. आलेख काढणाऱ्या बऱ्याच लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) ओळी नको असतात. त्यांना दोन वेगळ्या याद्या लागतात: एक नावांची आणि एक आकड्यांची. नावांच्या यादीतलं तिसरं नाव आणि आकड्यांच्या यादीतला तिसरा आकडा एकमेकांचे, असं त्या गृहीत धरतात. त्यामुळे नेस्टेड ॲरेतून एकच रकाना उपसून काढायची वेळ सारखी येते. पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन आहे, ॲरे_कॉलम. तिने तेच वापरलं होतं:

$नावं = ॲरे_कॉलम($नोंदी, 'बाजार');
$दर = ॲरे_कॉलम($नोंदी, 'सर्वसाधारण');

दिसायला स्वच्छ कोड. मी फक्त दोन्ही याद्यांची लांबी छापायला सांगितली. नावं ५, दर ४. पुढचं सगळं मग आपोआप उलगडलं. ॲरे_कॉलम ज्या ओळीत मागितलेला रकाना नाही ती ओळ गुपचूप सोडून देतं. रिकामी जागा ठेवत नाही, ताकीद देत नाही, आणि उरलेल्या व्हॅल्यूंना शून्यापासून नवे क्रमांक देतं. दरांची यादी झाली १४५०, १५००, १३००, ११००. नावांच्या यादीशेजारी ती ठेवून बघा: लासलगाव १४५०, येवला १५००, पिंपळगाव १३००, मनमाड ११००, सोलापूर रिकामं. रांगेतून एक माणूस निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, तसं येवल्यानंतरचा प्रत्येक दर एका जागेने पुढे सरकला होता.

त्रुटी दिसत होती ती सोलापूरला. सगळ्यात शेवटचा स्तंभ रिकामा होता, आणि तो आधीही अधूनमधून रिकामा दिसायचा. सगळ्यांनी समजून घेतलं होतं की सोलापूरचा भाव उशिरा येत असावा. दुखणं येवल्याच्या ओळीत, लक्षण सोलापूरच्या स्तंभात, आणि नुकसान पिंपळगावला जाणाऱ्याचं. तक्ता बरोबर होता, कारण तो ओळींवर लूप फिरवून काढला होता. प्रत्येक ओळ आपलं नाव आणि आपला दर बरोबर घेऊनच छापली जात होती. ज्याचा दर नाही त्याच्यासमोर एक आडवी रेघ, बस.

व्हॉट्सॲपचा संदेश आणखी वाईट निघाला. तो कोड असा होता:

$जास्त = मॅक्स($दर);
$क्रमांक = ॲरे_सर्च($जास्त, $दर);
$ओळ = $नोंदी[$क्रमांक];

सर्वाधिक दर १५००. तो दरांच्या यादीत १ या क्रमांकावर सापडतो (मोजणी शून्यापासून). मग मूळ नोंदींमधली १ क्रमांकाची ओळ उचलली जाते आणि ती येवल्याची. म्हणजे ज्या बाजाराचा त्या दिवशी दरच आलेला नाही, तिथे आज सर्वाधिक भाव मिळाला असं ग्रुपवर गेलं. चूक तीच आहे, फक्त वेष बदललेला. काढलेल्या रकान्यातला क्रमांक घेऊन मूळ ओळींकडे परत जायचा रस्ता ॲरे_कॉलमने ठेवलेलाच नसतो. मूळ ॲरेचे इंडेक्स (व्हॅल्यू ज्यांनी शोधतात ते क्रमांक किंवा नावं) ते टाकून देतं. एकही रकाना गायब नसला की दोन्हींचे क्रमांक योगायोगाने जुळतात, आणि ते जुळतात म्हणून आपल्याला वाटतं की ते जुळायचेच असतात.

फंक्शनवर राग काढण्यात अर्थ नाही. बेन रॅम्झी यांनी ते प्रस्तावित केलं आणि जून २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ पासून ते भाषेत आहे. त्याआधी प्रत्येक जण याच कामासाठी आपापला लूप लिहीत असे. ते एक रकाना मागणाऱ्यासाठी आहे, आणि त्या कामात ते चोख आहे. सगळ्या ग्राहकांचे आयडी हवेत, सगळ्या बिलांची बेरीज हवी, अशा ठिकाणी नसलेली व्हॅल्यू गाळणं हेच योग्य. बेरजेला ओळीशी नातं लागत नाही. बिनसतं ते दोन रकाने वेगवेगळे काढून ते पुन्हा क्रमांकाच्या भरवशावर जोडले जातात तेव्हा. माझ्या मते इथे खरी चूक दुसऱ्या ॲरे_कॉलमची आहे. पहिलं एकटं असतं तर काही बिघडलं नसतं.

तिची पहिली दुरुस्ती सांगतो, कारण बहुतेक जण हीच करतील. याद्यांची लांबी जुळत नाही हे कळल्यावर तिने दोन्ही याद्या ॲरे_कंबाइनने जोडून पाहिल्या, नाव हे इंडेक्स आणि दर ही व्हॅल्यू. पीएचपी ८.० पासून हे फंक्शन असमान लांबीच्या याद्या दिल्या की व्हॅल्यूएरर नावाची त्रुटी फेकतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत नुसती ताकीद आणि हातात 'फॉल्स'. त्यांच्या सर्व्हरवर ८ होतं, त्यामुळे पान उघडेनासं झालं. मग तिने ॲरे_पॅड वापरून दरांच्या यादीच्या शेवटी एक 'नल', म्हणजे 'इथे काही नाही' सांगणारी व्हॅल्यू, चिकटवला. लांबी जुळली, पान उघडलं.

आणि सरकलेले भाव आता अधिकृत झाले. ॲरे_पॅड रिकामी जागा भरतं ती यादीच्या टोकाला, पण आपली रिकामी जागा होती मधे, येवल्यापाशी. ॲरे_कंबाइनने केलेली आरडाओरड हीच त्या कोडमधली एकमेव खरी सूचना होती, आणि ती बंद केली गेली. त्रुटी थांबली म्हणजे चूक सुटली असं धरून पुढे जायची सवय आपल्याकडे फार आहे. इथे तिची किंमत शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर बसते म्हणून मी तिला थांबवलं आणि आम्ही एक प्रयोग मुद्दाम केला.

मनमाडच्या ओळीत रकान्याचं नाव 'बाजार' ऐवजी 'बाजार_समिती' असं बदललं. वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती गोळा होते तेव्हा असं एखादं नाव निराळं येणं अगदी शक्य असतं. आता नावांच्या यादीतून मनमाड गळालं आणि दरांच्या यादीतून येवला. नावं ४, दर ४. ॲरे_कंबाइन खूश, कुठेही त्रुटी नाही. निकाल असा आला:

लासलगाव १४५०
येवला १५००
पिंपळगाव बसवंत १३००
सोलापूर ११००

लासलगाव बरोबर. सोलापूरही बरोबर. मधले दोन चुकीचे. सरकणं फक्त दोन खिंडारांच्या मधल्या पट्ट्यात होतं, त्यामुळे पहिली आणि शेवटची ओळ पडताळून "चला, जुळतंय" म्हणणारा इथे हमखास फसतो. लांबी मोजणंही पुरत नाही. हा निकाल पडद्यावर आला तेव्हाच तिने ॲरे_पॅडची ओळ स्वतःहून खोडली.

मग दुरुस्तीचा रस्ता कोणता? ॲरे_कॉलमला तिसरा आर्ग्युमेंट (कंसात द्यायची व्हॅल्यू) देता येतो, आणि पुष्कळांना तो माहीतच नसतो:

$दर = ॲरे_कॉलम($नोंदी, 'सर्वसाधारण', 'बाजार');

यात नाव आणि दर एकाच ओळीतून, एकाच वेळी उचलले जातात. नाव इंडेक्स होतं. येवल्याला दर नाही, म्हणून ती ओळ नावासकट वगळली जाते. बाकी कोणी सरकत नाही. एका ओळीत काम. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 'नल' दिला तर दराऐवजी आख्खी ओळच मिळते आणि बाजाराच्या नावाने ती शोधता येते. हा उपयोग मला तर मूळ उपयोगापेक्षा जास्त आवडतो. डेटाबेसमधून आणलेल्या ओळी आयडीप्रमाणे लावून ठेवायला याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

पण आमच्या पानाला हे चाललं नाही, आणि त्याचं कारण कोडमध्ये नसून कांद्यात होतं. मार्च महिन्यात नाशिककडच्या बाजारांत लाल कांदा संपत आलेला असतो आणि उन्हाळी कांदा यायला लागलेला असतो. दोन्हींचे लिलाव होतात, दोन्हींचे भाव वेगळे निघतात. म्हणजे लासलगावच्या नावाने दोन ओळी येतात, एकीत जात 'लाल', दुसरीत 'उन्हाळी'. ॲरेत एका इंडेक्सला एकच व्हॅल्यू राहते, म्हणून ॲरे_कॉलम नंतरची ओळ ठेवतं आणि आधीची पुसतं. इथेही ताकीद नाही. लालचा भाव पानावरून गेला असता आणि कुणाला कळलं नसतं. तुमच्या माहितीत एखादा रकाना खरोखर एकमेव आहे का, हे भाषेला विचारून कळत नाही. ते त्या धंद्यातल्या माणसाला विचारावं लागतं. आम्हाला ते त्याच संचालकांनी एका वाक्यात सांगितलं.

नावाऐवजी बाजाराचा कोड इंडेक्स म्हणून घ्यावा, अशीही एक सूचना आली. त्यातला एक खड्डा सांगून ठेवतो. पीएचपी '१२५' अशी अंकांची स्ट्रिंग (मजकूर म्हणून लिहिलेला आकडा) इंडेक्सला दिली की तिचा पूर्णांक करते, पण '००७' सारखी शून्याने सुरू होणारी स्ट्रिंग तशीच ठेवते. मग दोन जिल्ह्यांच्या याद्या ॲरे_मर्जने एकत्र केल्या की पूर्णांक इंडेक्सना नवे क्रमांक मिळतात आणि स्ट्रिंग इंडेक्स शाबूत राहतात. अर्धे कोड खरे, अर्धे नव्याने वाटलेले. अधिकच्या चिन्हाने जोडल्यास इंडेक्स टिकतात, मात्र दोन्हीकडे असलेल्या इंडेक्सपैकी डावीकडचा राहतो.

प्रत्यक्षात आलेली माहिती वर दाखवली तितकी सपाट नव्हती. बाहेर जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात 'नोंदी' नावाचा रकाना, आणि त्यात ओळी. ॲरे_कॉलम एकच पायरी खाली उतरतं. जिल्ह्यांच्या ॲरेवर थेट 'सर्वसाधारण' मागितलं तर रिकामी यादी मिळते, पुन्हा तक्रार न करता. आधी जिल्ह्यांमधून 'नोंदी' काढायच्या आणि मग त्या एकात एक सपाट करायच्या:

$नोंदी = ॲरे_मर्ज(...ॲरे_कॉलम($जिल्हे, 'नोंदी'));

हे सुरक्षित आहे. ॲरे_कॉलम शून्यापासून क्रमांक देतं हा गुण इथे कामी येतो. जिल्ह्यांची नावं इंडेक्स म्हणून राहिली असती, तर त्या तीन टिंबांमागे (ती ॲरे उलगडून तिच्या व्हॅल्यू एकेक आर्ग्युमेंट म्हणून देतात) पीएचपी ८ ने ती आर्ग्युमेंटची नावं समजून त्रुटी दिली असती. एकही जिल्हा आला नाही तरी ७.४ पासून ॲरे_मर्ज रिकामी ॲरे देतं, त्याआधी अडायचं. मात्र असं सपाट करताना ओळ कुठल्या जिल्ह्याची ही माहिती जाते. ती पुढे लागणार असेल तर लूप फिरवून प्रत्येक ओळीत जिल्हा लिहून ठेवणं बरं. सगळ्या पातळ्यांवरच्या व्हॅल्यू एकदम काढणारं ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह वापरायचा मोह काहींना होतो. असल्या कामात त्याच्या वाटेला जाऊ नये. ते झाडाच्या पानांपर्यंत, म्हणजे सगळ्यात आतल्या व्हॅल्यूंपर्यंत पोचतं, पण पान कुठल्या फांदीचं हे सांगत नाही, आणि आपलं सगळं भांडण त्यावरच आहे.

शेवटी जे पानावर चढलं ते अगदी साधं:

$नावं = [];
$दर = [];
फॉरईच ($नोंदी ॲज $ओळ) {
  $नावं[] = $ओळ['बाजार'] . ', ' . $ओळ['जात'];
  $दर[] = $ओळ['सर्वसाधारण'] ?? नल;
}

एक लूप, एक ओळ हातात, त्या ओळीतून दोन्ही याद्यांत एकाच वेळी भर. कुठलाही रकाना नसला तरी याद्या सरकू शकत नाहीत, कारण प्रत्येक फेरीत दोन्हींत बरोबर एकेक व्हॅल्यू जाते. दोन प्रश्नचिन्हं (डावीकडचं नसेल तर उजवीकडचं घ्या) फक्त दराला लावली आहेत आणि ती मुद्दाम. दर नसणं ही बाजारात घडणारी गोष्ट आहे. बाजाराचं नाव नसणं ही माहितीतली मोडतोड आहे, तिथे पीएचपी ८ ची ताकीद लॉगमध्ये उमटायलाच हवी. दोन्हीकडे सरसकट '?? नल' लावून ठेवलं तर 'बाजार_समिती'सारखी चूक पुन्हा अंधारात जाते.

प्रत्येक ओळीवर तेच काम करून नवी ॲरे देणाऱ्या ॲरे_मॅपनेही हेच करता येतं, आणि नसलेल्या दराची जागा तिथेही टिकते. एक गोष्ट सांभाळा. ॲरे_मॅपला एकच ॲरे दिली तर ते मूळ इंडेक्स जपतं. आधी ॲरे_फिल्टरने काही ओळी गाळलेल्या असतील तर इंडेक्समध्ये खिंडारं राहतात, आणि जेसन करताना यादीऐवजी ऑब्जेक्ट बाहेर पडतं. मग आलेख काहीच काढत नाही. ॲरे_व्हॅल्यूज लावून क्रमांक नीट करून घ्यायचे.

'नल' की शून्य, यावर थोडी चर्चा झाली. नसलेल्या दराच्या जागी शून्य ठेवायला मी ठाम नकार दिला. स्तंभालेखात दोन्ही सारखेच दिसतात, स्तंभ नाही इतकंच. पण कोणीतरी त्याच यादीची सरासरी काढतो. नमुन्याच्या आकड्यांत चार बाजारांची सरासरी १३३७.५ येते. येवल्याला शून्य धरलं की ती १०७० वर येते. भाव पडल्याची खोटी बातमी घरबसल्या तयार. 'नल' ठेवला तरी सावध राहायलाच हवं, कारण ॲरे_सम त्याला शून्य धरतं आणि काउंट त्याला मोजतं, म्हणजे भागाकार पुन्हा पाचानेच होतो. सरासरीसाठी 'नल' गाळूनच भागायचं, किंवा तिथे खुशाल ॲरे_कॉलम वापरायचं. तिथे ते गाळतं हेच आपल्याला हवं असतं. (तसंही आवक न धरता काढलेली सर्वसाधारण दरांची सरासरी शेतकऱ्याच्या फारशा कामाची नाही. ती पानावरून काढूनच टाकावी असं मी सुचवलं आणि ती निघाली.)

व्हॉट्सॲपच्या संदेशातलं ॲरे_सर्च गेलं. आता ओळींवरूनच एक फेरी मारून सर्वाधिक दराची आख्खी ओळ लक्षात ठेवली जाते, आणि नाव, जात, दर तिघंही तिच्यातूनच छापले जातात. ॲरे_मल्टिसॉर्टला दरांचा रकाना देऊन ओळी लावायचा एक प्रचलित मार्ग आहे. तोही या माहितीवर चालला नसता, कारण रकाना आणि ओळी यांची संख्या जुळली नाही की पीएचपी ८ तिथे त्रुटी देतं. यूसॉर्टमध्ये प्रत्यक्ष ओळींची तुलना होते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

पीएचपीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. जावास्क्रिप्टमध्ये हाच रकाना मॅपने काढला तर येवल्याच्या जागी 'अनडिफाइंड' येतं आणि जेसन होताना त्याचा 'नल' होतो. जागा टिकते. पायथॉनमध्ये चौकटी कंसाने रकाना मागितला तर कीएरर येऊन काम तिथेच थांबतं, आणि गेट वापरलं तर 'नन' मिळतं. पायथॉनच्याच पांडाज लायब्ररीत ती जागा 'नॅन' (आकडा नाही) होते आणि पूर्णांकांचा रकाना त्यापायी दशांशाचा होतो, १५०० चे १५००.० दिसू लागतात. लाराव्हेल ही पीएचपीतली तयार चौकट वापरणाऱ्यांना रकाना काढणारं प्लक ठाऊक असेल. ते टिंब देऊन आतल्या पातळीवरचा रकानाही काढतं आणि नसलेल्याच्या जागी 'नल' ठेवतं. ॲरे_कॉलम वापरणारा माणूस लाराव्हेलमध्ये गेला किंवा तिथून परत आला, की नेमकी ही एक गोष्ट उलटी होते. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

माहिती जिथून येते तो डेटाबेस तुमच्याच ताब्यात असेल, तर रकाना पीएचपीत काढायची गरजही नसते. पीडीओच्या (पीएचपीचा डेटाबेसाशी बोलणारा भाग) फेच_की_पेअरने दोन रकान्यांची क्वेरी थेट नाव आणि दराच्या जोडीत येते. तिथे दर नसलेली ओळ 'नल' घेऊन येते, कारण तक्त्यात रकाना नाहीसा होत नाही, रिकामा राहतो. तेच नाव दोनदा आलं तर नंतरची जोडी आधीची पुसते, हा धोका तिथेही आहेच.

पान दुरुस्त झाल्यावर मागचा प्रश्न उरला. आलेखासाठी तयार झालेल्या याद्या रोज डेटाबेसात साठवल्या जात होत्या, महिन्याचा चढउतार दाखवायला. म्हणजे सरकलेले भाव तिथेही जाऊन बसले होते. सुदैवाने रोज आलेलं मूळ जेसन फाइलींमध्ये जसंच्या तसं ठेवलेलं होतं. ज्या दिवशी एकाही ओळीत दर गायब नव्हता ते दिवस बरोबरच होते. बाकीचे दिवस मूळ फाइलींवरून नव्या लूपने पुन्हा काढले. काही दिवसांच्या फाइली मिळाल्या नाहीत. ते दिवस महिन्याच्या आलेखातून काढून टाकले आणि तिथे रेघ तुटलेली ठेवली. अंदाजाने रेघ जोडावी असं कुणी म्हणालं नाही, याचं मला समाधान आहे. चुकीचा संदेश गेलेल्या दिवसांची दुरुस्ती कंपनीने ग्रुपवर तारखेनिशी टाकली.

येवल्याच्या जागी काय लिहायचं यावर मात्र बराच वेळ गेला. मुलीचं म्हणणं, "लिलाव बंद" लिहू या, म्हणजे शेतकऱ्याला उगाच हेलपाटा पडणार नाही. संचालकांनी ते अडवलं. दर न येण्याची कारणं त्यांनी भराभर सांगितली: बाजाराला सुटी, व्यापाऱ्यांचा बंद, आवकच नाही, किंवा लिलाव झाला पण आकडा वेळेत भरला गेला नाही. आलेल्या ओळीत रकाना नाही एवढंच आपल्याला कळतं, यातलं कुठलं कारण ते नाही. पानावर आता "दर उपलब्ध नाही" असं येतं आणि त्याखाली त्या बाजार समितीचा फोन नंबर.